नोटीस देऊन काम सोडलं, तरी ‘अनप्रोफेशनल’?

गेल्या आठवड्यात आपल्या नाशिकच्या दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरला. एका डिझायनर मुलीचं नाव, मोबाईल नंबर आणि खाली ‘काम अर्ध्यात सोडून जाते, सावध राहा.’ पन्नासेक लोकांनी अंगठे दाखवले. एकानेही विचारलं नाही की सोडलं म्हणजे नेमकं कसं सोडलं.

मी सांगतो, कारण ते काम मला माहीत आहे. बारा महिन्यांचा करार, महिन्याला आठ पोस्ट. तिसऱ्या महिन्यात आठाच्या सोळा झाल्या, वर रील, वर रविवारी साइटवर शूटिंग. पैसे तेवढेच. तिने दोनदा मेल करून वाढीव दर मागितला. उत्तर नाही. मग करारात लिहिलेली तीस दिवसांची नोटीस दिली, ते तीस दिवस पूर्ण काम केलं, मूळ फाइली, फॉन्ट, पासवर्ड असं सगळं यादी करून सोपवलं आणि बाहेर पडली. दोन महिन्यांचं बिल अजून अडकलेलं आहे. आणि अनप्रोफेशनल कोण, तर ती!

अहो, नोटीसचं कलम तुम्हीच करारात टाकलंत ना? ते वापरलं की करार मोडला असं कसं होईल? करारात जायचा दरवाजा ठेवायचा आणि कोणी त्यातून गेलं की चोर चोर म्हणून ओरडायचं, हा कुठला व्यवहार?

आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीला टोळी येते. एकराचा दर ठरतो. काही कारणाने टोळी मध्येच थांबली तर बागाईतदार चिडतो, दोन शब्द सुनावतो, पण झालेल्या एकरांचा हिशेब करतो. गंगापूर रोडवरच्या एसी ऑफिसात मात्र ‘प्रोजेक्ट पूर्ण नाही, पेमेंट नाही’.

कायद्याचा धाक घालणाऱ्यांना दोन जुने खटले सांगतो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला आणि १९६४ मध्येच तो कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला. आधी गैरहजर, राजीनाम्याचं पत्र नंतर. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कराराची पाच वर्षं संपेपर्यंत तसलं काम दुसरीकडे करायचं नाही. पण ती नोकरी होती, परदेशी तंत्रज्ञान गुप्त ठेवायची अट होती. आणि कोर्टानेही त्याला ‘परत कल्याणला जाऊन काम कर’ असं सांगितलं नाही. माणसाच्या अंगच्या कौशल्याचं काम जबरदस्तीने करून घेता येत नाही, हे आपल्या कायद्यात पक्कं आहे.

दुसरा खटला शेजारच्या श्रीरामपूरच्या जहीर खानचा. एका मॅनेजमेंट कंपनीशी तीन वर्षांचा करार होता. तो संपल्यावरही ‘दुसऱ्याची ऑफर आधी आम्हाला दाखव’ असं कलम होतं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. करार संपल्यानंतर माणसाचा धंदा अडवणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली चालत नाही. म्हणजे ‘सोडल्यावर वर्षभर नाशकात दुसऱ्या बिल्डरचं काम करायचं नाही’ हे तुमचं लाडकं कलम कागदावर छान दिसतं, एवढंच. दंडाच्या आकड्याचंही तसंच. कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही वरची मर्यादा आहे. भरपाई वाजवीच मिळते, आणि तीही करार मोडला असेल तर.

आता आमच्या बिरादरीलाही सुनावतो. ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणारे, लाँचच्या आदल्या रात्री ‘तब्येत बरी नाही’ टाकणारे, शेवटच्या बिलासाठी क्लायंटचं पेज ओलीस धरणारे आहेत आपल्यात. तुमच्यामुळेच अशा मेसेजवर लोकांचा पटकन विश्वास बसतो. जायचं तर लेखी जा. कोणतं काम पूर्ण, कोणतं अर्धं, ॲडव्हान्समधून किती परत, हे एका मेलमध्ये लिहा. कारण दोन ओळींत सांगा, आणि दुसऱ्या क्लायंटपुढे पहिल्याची उणीदुणी काढू नका.

आणि पोरांनो, काम हातात घेण्याआधीच उद्यम नोंदणी करा. फुकट आहे, ऑनलाइन होते. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे ठेवता येत नाही. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सेवा देणाराही यात येतो, फक्त कारखानदार नव्हे. त्या मुलीची नोंदणी करार करण्याआधीची आहे, आणि सुविधा परिषदेकडचा अर्ज भरून तयार आहे.

सिंहस्थाची कामं आता शहरात वाहताहेत. लोगो, व्हिडिओ, ड्रोन, वेबसाइट, सगळं घाईत आणि बरंचसं तोंडी. हीच भांडणं दहापट होणार आहेत.

तो मेसेज टाकणाऱ्या शेठना मी ओळखतो, नाव घेत नाही. शेठ, दोन महिन्यांचं बिल चुकतं करा आणि ज्या ज्या ग्रुपवर तिचं नाव टाकलंत, तिथेच ‘हिशेब पूर्ण झाला’ असंही टाका. सोमवारपर्यंत वाट बघतोय.