चौथ्या वर्षाचं विमान

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातल्या चिपीच्या सड्यावर उद्घाटनाचा मंडप उभा राहिला, तेव्हा जमलेल्यांचं निम्मं लक्ष आकाशाकडे होतं आणि निम्मं व्यासपीठाकडे. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे कित्येक वर्षांनी एका मंचावर येणार होते. विमानतळ कुणामुळे झाला यावरून भाषणांत व्हायची ती टोलेबाजी झाली. सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला म्हणून बरं, नाहीतर त्याचंही श्रेय कुणी घेतलं असतं, अशा अर्थाचा चिमटा मुख्यमंत्र्यांनी काढला आणि पुढचे काही दिवस जिल्ह्यात चर्चेला तोच विषय पुरला. मुंबईहून आलेलं अलायन्स एअरचं सत्तर आसनांचं एटीआर विमान मात्र चर्चेतून लवकरच बाजूला पडलं.

खरी चर्चा व्हायला हवी होती ती वेळापत्रकाची. मुंबईहून साडेअकराच्या सुमारास निघायचं, एकपर्यंत चिपीला उतरायचं आणि दीडच्या आसपास परत फिरायचं. दिवसाला एकच फेरी. आता कुडाळच्या एखाद्या व्यापाऱ्याचा विचार करा. त्याचं मुंबईत बँकेत किंवा मंत्रालयात काम आहे. दुपारच्या विमानाने तो तीनच्या सुमारास सांताक्रुझला उतरणार, टॅक्सीने शहरात पोचेपर्यंत कचेऱ्या आवरायला लागलेल्या. म्हणजे मुक्काम आलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी काम उरकायला गेलं तर साडेअकराचं विमान चुकतं, म्हणजे आणखी एक मुक्काम. त्यापेक्षा कोकणकन्येत रात्री बर्थवर आडवं व्हावं, पहाटे मुंबईत उतरावं, दिवसभर कामं करावीत आणि रात्री त्याच गाडीने परतावं. तिकिटाच्या पैशांत जेवणखाण आणि घरच्यांसाठी खरेदीही निघते. विमान वेगवान असलं तरी त्याची वेळ गैरसोयीची असेल, तर त्या वेगाचा उपयोग फक्त चार दिवस राहायला येणाऱ्या पर्यटकाला.

ही वेळ कुणी हौसेने निवडलेली नसते. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळ-संध्याकाळच्या वेळा मोठ्या कंपन्यांकडे वर्षानुवर्षं आहेत. छोट्या विमानाला मिळतं ते उरलंसुरलं. जिल्ह्यातल्या विमानतळाचं भवितव्य त्यामुळे त्या जिल्ह्यात कमी आणि मुंबईच्या स्लॉट-वाटपात जास्त ठरतं. हे उद्घाटनाच्या भाषणात कुणी सांगत नाही.

चिपीचा प्रवास उद्घाटनापर्यंत पोचायलाच मुळात किती वर्षं लागली! औद्योगिक विकास महामंडळाने २००९ मध्ये आयआरबी कंपनीशी करार केला: बांधा, चालवा, मग हस्तांतर करा. जांभ्या दगडाच्या त्या उघड्या सड्यावर अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली. खर्च पाचशे कोटींच्या पुढे गेला. १२ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चाचणीसाठी एक छोटं विमान उतरलं आणि त्यातून गणपतीची मूर्तीही आली. कोकणात याहून चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता. पुढे ५ मार्च २०१९ ला टर्मिनलचं उद्घाटन झालं. पाचच दिवसांनी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, यातून वाचकांनी काय घ्यायचं ते घ्यावं. त्यानंतर प्रवासी घेऊन पहिलं विमान उतरायला दोन वर्षं आणि सात महिने गेले. मधे करोना होता हे खरं, पण परवान्याच्या अटी आणि धावपट्टीच्या पृष्ठभागातल्या त्रुटीही होत्याच.

सोलापूरची गोष्ट याच वळणाची. तिथे विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी उभी होती. तिच्यावरून मोर्चे निघाले, उपोषणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १५ जून २०२३ ला पोलीस बंदोबस्तात ती सुरुंग लावून पाडली. शेतकरी सभासदांच्या डोळ्यांदेखत ती धुळीच्या लोटात खाली बसली. शहराच्या भल्यासाठी कारखान्याने सोसलेली ही किंमत होती. मग २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने विमानतळाचं उद्घाटन केलं. आणि विमान? ते गोव्याकडे उडालं ९ जून २०२५ ला. चिमणी पडल्यापासून जवळजवळ दोन वर्षांनी, फीत कापल्यापासून आठ महिन्यांनी. अमरावतीच्या बेलोऱ्याला मात्र १६ एप्रिल २०२५ ला उद्घाटन आणि मुंबईचं विमान एकाच दिवशी झालं. ते जमतं, हे त्यावरून दिसतं.

तरीही उशीर हा या विमानतळांचा मोठा आजार नव्हे. उशिरा का होईना, विमान येतं. मोठा आजार तीन वर्षांनी दिसतो.

केंद्राच्या ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याहून दिल्लीला गेलं. योजना कागदावर नेटकी आहे. तासाभराच्या प्रवासाला साधारण अडीच हजार रुपये भाडं, विमानातल्या निम्म्या आसनांवर ही मर्यादा, आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकार भरून देणार. ही रक्कम मुख्यतः मोठ्या शहरांमधल्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून उभी राहते आणि राज्यही आपला वाटा उचलतं. राज्याने इंधनावरचा कर जवळजवळ माफ करायचा, सुरक्षा आणि अग्निशमन फुकट द्यायचं. शिवाय त्या मार्गावर तीन वर्षं दुसरी कंपनी येणार नाही, ही हमी. तीन वर्षांत लोकांना सवय लागेल, मग मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असा हिशेब.

तो किती खरा ठरला, हे देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मोजून दाखवलं. मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांतल्या ७७४ मार्गांपैकी सुरूच झाले ३७१. त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदान संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग होते ५४. म्हणजे वाटलेल्या शंभर मार्गांतले सात.

‘उडान’मधल्याच चिपी–मुंबई सेवेचं काय झालं, हे एवढ्यावरून ओळखता येईल. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेली ही सेवा ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थांबली. तीन वर्षं भरली आणि विमान गेलं. अधल्यामधल्या काळातही ऐन वेळी फेरी रद्द झाल्याच्या तक्रारी सतत होत्याच. ताफा लहान असलेल्या कंपनीचं एक विमान दुरुस्तीला गेलं की दुसरं पाठवायला नसतं; आणि मग सगळ्यात आधी बळी जातो तो सगळ्यात छोट्या गावाचा. त्यात चिपीला सुरुवातीच्या काळात उतरायचं ते वैमानिकाच्या डोळ्यांच्या भरवशावर, दिवसाउजेडी. आषाढातला पाऊस समुद्रावरून सड्यावर चढून आला की समोरचं आंब्याचं झाड दिसत नाही, धावपट्टी कुठून दिसणार? बॅग भरून, भाड्याची गाडी करून विमानतळावर आलेला माणूस दोनदा परत गेला, की तिसऱ्यांदा तो रेल्वेचंच तिकीट काढतो. अडीच हजारांच्या तिकिटाने जोडलेला प्रवासी असा दोन रद्द फेऱ्यांत तुटतो. अनुदानाच्या तक्त्यात भाड्याचा रकाना असतो, भरवशाचा नसतो.

याच तीन वर्षांत शेजारी एक मोठी घटना घडली. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्या मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ चालू झाला. तो पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला जवळजवळ खेटून आहे. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला चिपीपेक्षा मोपा सोयीचा पडतो. तिथे रात्री-अपरात्री विमानं उतरतात, एक चुकलं तर दुसरं असतं आणि स्पर्धेमुळे भाडंही उतरतं. मालवणला डायव्हिंग करायला येणारा पुणेकरसुद्धा गोव्याची तिकिटं आधी बघतो. चिपीची स्पर्धा रेल्वेशी आणि महामार्गाशी आहे असं सांगितलं जायचं. महामार्गाची तर स्पर्धेला उतरण्याची तयारीच नाही. मुंबई–गोवा चौपदरीकरण २०११ पासून सुरू आहे. खरा प्रतिस्पर्धी मोपाच आहे.

गंमत म्हणजे चिपीला तगवणारा हातही मोपातूनच आला. फ्लाय९१ ही गोव्यातली नवी कंपनी मार्च २०२४ पासून सिंधुदुर्गला बंगळुरू आणि हैदराबादशी जोडू लागली आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी तिने पुण्याचं विमान सुरू केलं, तेही शनिवार-रविवारचं. हा निर्णय हुशारीचा आहे. पुण्यातला चाकरमानी आणि पर्यटक शनिवारीच निघतो; मग रोज उडून रिकाम्या खुर्च्या वाहण्यात काय अर्थ? ‘रोज विमान’ ही पुढाऱ्यांना आवडणारी घोषणा आहे, प्रवाशाची गरज नेहमी तीच असते असं नाही.

ज्या गावांना विमान टिकलं, तिथे काय वेगळं होतं? शिर्डीला साईबाबा होते. १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीच्या माळरानावर विमानतळ सुरू झाला आणि काही काळातच दिल्ली, बंगळुरूची मोठी जेट विमानं यायला लागली. भाविकांचा ओघ बारमाही, त्यामुळे अनुदानाची वाट बघायची वेळच आली नाही. कोल्हापूरची कथा जास्त शिकण्यासारखी. १९३९ मध्ये राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ मधे कित्येक वर्षं नुसता पडून होता. ‘उडान’मध्ये २०१८ पासून विमानं आली तेव्हा मुंबईच्या एकाच दोरीवर तो लटकत राहिला नाही. हैदराबाद, तिरुपती असे मार्ग मिळाले. कोल्हापुरातून तिरुपतीला जाणारे भाविक आधीही हजारोंनी होते, ते एसटीने आणि रेल्वेने जात होते. प्रवासी नव्याने तयार करायचा नव्हता, असलेला उचलायचा होता. जळगावला मात्र २०१७ च्या डिसेंबरपासून एक कंपनी आली आणि गेली, दुसरी आली आणि बंद पडली, मग तिसरी आली. दर वेळी सत्कार झाला.

राज्य सरकारने आता सोलापूरसारख्या मार्गांवर तूट भरून द्यायला स्वतःच्या तिजोरीतून पैसे देण्याचं धोरण घेतलं आहे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. रस्तेही तोट्यातच बांधले जातात. पण तो पैसा पुन्हा फक्त भाडं कमी करण्यात घातला, तर निकाल तोच लागेल. अग्निशमन दल, बॉम्बशोधक पथक, हवाई नियंत्रण कक्ष, हवामान केंद्र हा सगळा पसारा दिवसाला एक विमान उतरलं तरी तेवढाच असतो. एका फेरीवर तो कुणालाच परवडत नाही, दोन-तीन फेऱ्यांवर वाटला की अंगावर येत नाही. त्यामुळे आधी खर्च करायचा तो धुक्या-पावसात आणि रात्री विमान उतरवणाऱ्या उपकरणांवर. त्यानंतर कंपनीशी करार करताना दंडाची अट हवी: शंभरातल्या अमुक इतक्या फेऱ्या वेळेवर झाल्या तरच पूर्ण अनुदान. आणि मुंबईत सकाळचा स्लॉट. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने ही मागणी आता हवेतली राहिलेली नाही. तिथल्या पहाटेच्या काही वेळा राज्यातल्या जिल्ह्यांसाठी राखून ठेवायला सरकारला कुणी अडवलेलं नाही.

कोकणात पुढचा नंबर रत्नागिरीचा आहे. तटरक्षक दल वापरत असलेल्या तिथल्या धावपट्टीजवळ प्रवासी टर्मिनलचं काम हाती घेतलेलं आहे आणि उद्घाटनाच्या तारखांची भाकितं अधूनमधून होत असतात. रत्नागिरीकरांनी पालकमंत्र्यांना तारीख विचारू नये. विमान मुंबईहून किती वाजता सुटणार, पावसात उतरणार का, रद्द झालं तर पैसे आणि गाडी कोण देणार, आणि अनुदान संपल्यानंतरच्या वर्षी कुणाचं विमान उडणार, हे विचारावं. आणि उत्तरं लेखी मागावीत.