वर्षातून एकदा येणारे



नाताळ होऊन आठवडा उलटला. चर्चवरची चांदणी अजून उतरवायची आहे आणि घरात शंकरपाळ्यांचा शेवटचा डबा तळाला लागलाय. पाळकाच्या घरचा नाताळ हा असा, सगळ्यांचा उरकल्यावर येतो. २४ तारखेची रात्र, २५ची सकाळ, मधला रविवार, ३१च्या मध्यरात्रीची उपासना, १ तारखेची सकाळ... शिवाय दोन घरभरण्या आणि एक बारसं. आमच्या सौ. म्हणतात, "गावभरच्या करंज्या खाऊन येता, मग घरच्या मी कुणासाठी तळायच्या?" या प्रश्नाला गेल्या बावीस वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही.

पण आज लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. वर्षातून एकदाच चर्चमध्ये येणाऱ्या माणसांवर.

आम्हा पाळकांची कुठे बैठक जमली की यांच्यावर हमखास विनोद होतात. "नाताळचे ख्रिस्ती" हे त्यांना पडलेलं नाव. एरवीच्या रविवारी आमच्याकडे साठ-सत्तर माणसं असतात. २५ डिसेंबरला तीनशेच्या वर. बाहेर मांडव घालावा लागतो, खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतात, आणि रोजच्या येणाऱ्या आजीबाईंची ठरलेली जागा कुणीतरी पुण्याहून आलेली सून पटकावून बसलेली असते. मग कुजबुज सुरू होते. वर्षभर कुठे असतात हे? छप्पर गळतं तेव्हा कुठे असतात?

मीही यातलाच. किंबहुना जास्तच.

ही गोष्ट साधारण अठरा वर्षांपूर्वीची. नगर जिल्ह्यातल्या (२०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) एका मंडळीत माझा दुसरा नाताळ होता. तरुण रक्त, नवा झगा, आणि समोर खचाखच भरलेलं चर्च. उपदेशाच्या सुरुवातीलाच मी म्हणालो, "आज बसायला जागा नाही, पुढच्या रविवारी बाकं मला खायला उठतील. तेव्हा काही जणांना मी नवीन वर्षाच्याच नव्हे, तर पुढच्या नाताळच्याही शुभेच्छा आत्ताच देऊन टाकतो!" लोक हसले. जोरात हसले. पुढच्या रांगेतले पंच तर माना डोलावून हसले. मला वाटलं, काय मस्त जमलं!

उपासनेनंतर दारात उभा राहून मी सगळ्यांशी हात मिळवत होतो. एक चाळिशीचे गृहस्थ आले, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. "सलाम पाळकसाहेब. बरोबर बोललात." एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढच्या नाताळला ते आले नाहीत. माझ्या लक्षातही आलं नसतं, पण त्यांची आई आमच्या महिला मंडळातली, दर रविवारची. त्या नाताळला ती एकटीच बसली होती. मी सहज विचारलं, "आजी, यंदा लेक आला नाही का?"

"न्हाई आला, साहेब. ड्यूटी घेतली म्हनं."

मग थोडं थोडं करून तिने सांगितलं. मुलगा एसटीत ड्रायव्हर. रविवारची सुट्टी सगळ्यांनाच हवी असते, ती याच्या वाट्याला क्वचित येई. दिवाळीत तर एसटीच्या जादा गाड्या सुटतात, प्रत्येक ड्रायव्हरला घरी जायचं असतं. हा गडी काय करायचा, तर दिवाळीभर इतरांच्या ड्यूट्या स्वतःवर घ्यायचा. लक्ष्मीपूजनाला गाडीवर, पाडव्याला गाडीवर, भाऊबीजेला बहिणींनी भरलेली गाडी घेऊन रस्त्यावर. त्या बदल्यात सोबत्यांनी त्याला नाताळचे दोन दिवस मोकळे करून द्यायचे. दहा-बारा वर्षं असा हिशेब चालला होता. माणूस वर्षातून एकदा चर्चला येत होता खरा, पण त्या एका सकाळसाठी त्याने काय काय मोजलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. आणि मी ठाऊक करून घेतलंही नव्हतं.

नवीन वर्ष लागल्यावर मी डेपोत गेलो. कँटीनच्या बाकड्यावर ते भेटले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "रागावलो न्हाई हो साहेब. लाज वाटली. पोरगी शेजारी बसली होती ना."

चहाचे पैसे त्यांनीच दिले.

त्यानंतर मी त्या विनोदाच्या वाटेला गेलो नाही. पण एवढ्याने भागत नाही, कारण तो विनोद माझ्या एकट्याचा नव्हताच. आमच्या मंडळ्यांमध्ये एक समजूत पक्की बसली आहे, की नाताळ हा "आपला" सण आहे, वर्षभर बाकं झिजवणाऱ्यांचा, बाकीचे पाहुणे. त्यात अलीकडे काही भाऊ-बहिणी सांगतात, "पाळकसाहेब, पूर्वी नाताळ कसा भक्तिभावाने व्हायचा! आता नुसती रोषणाई."

पूर्वी म्हणजे कधी? जरा मागे जाऊन पाहिलं तर गंमत आहे. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात कुठेच नाही. त्या दिवशी ख्रिस्तजन्म पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोमची, इ. स. ३३६ची. पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांचा मोठा दिवस पुनरुत्थानाचा होता. आणि आमच्या नगरकडच्या मंडळ्यांची तर वेगळीच कथा. आमच्याकडे शुभवार्ता आणली अमेरिकन मराठी मिशनने. त्यांचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला ठाणं झालं. हे लोक मुख्यतः न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्या परंपरेत नाताळ हा सणच नव्हता! मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता. १६८१ साली तो कायदा गेला, पण तिकडच्या बऱ्याच चर्चमध्ये एकोणिसावं शतक अर्धं सरेपर्यंत २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस होता. म्हणजे ज्यांनी आपल्याला बायबल दिलं त्यांच्या आज्या-पणज्या नाताळच्या सकाळी चूल पेटवून नेहमीच्या कामाला लागत असणार.

मग आपला नाताळ आला कुठून? मला विचाराल तर शेजारातून. दिवाळीला शेजारच्या वाड्यातून ताट यायचं, ते रिकामं कसं परत करायचं? म्हणून नाताळला आमच्याकडे करंज्या, चकल्या, अनारसे. दारात आकाशकंदील, फक्त चांदणीच्या आकाराचा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) आमच्या तोंडी भजनं आणि अभंग दिले, त्यामुळे पेटी आणि टाळ आले. सणाचा सगळा साज दुसऱ्याच्या दारातून आला आहे. आणि आता आपणच दारात उभं राहून कोण घरचा नि कोण पाहुणा हे ठरवतोय.

लूकच्या शुभवर्तमानातले मेंढपाळ आठवा. नाताळच्या नाटकात दरवर्षी असतात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, एकाची दाढी हमखास निघून पडणारी. ती माणसं रात्रपाळीला होती. कळप राखत होती. जन्माची बातमी आधी त्यांना मिळाली. ते आले, बाळ पाहिलं, आणि आनंदाने परत गेले, आपल्या मेंढरांकडे. पुढे अख्ख्या शुभवर्तमानात त्यांचा कुठे उल्लेख नाही. एकदाच आले! आणि दोन हजार वर्षं आपण त्यांची गाणी गातो आहोत. योसेफाने त्यांना "वर्षभर कुठे होता" असं विचारल्याचं लूक लिहीत नाही.

आता यंदाच्या भांडणाकडे येतो. भांडण म्हणजे कमिटीत झालेली चर्चा, पण आवाज वाढले होते.

आमच्याकडे नाताळच्या उपासनेत वर्गणीदारांची नावं आणि रकमा वाचून दाखवायची जुनी रीत आहे. "अमुक अमुक, पुणे, पाच हजार. तमुक तमुक, पाचशे एक." अर्धा तास जातो. यंदा मी म्हटलं, हे बंद करू. यादी फळ्यावरही नको. ज्याने दिलं त्याला पावती मिळाली, देवाला ठाऊक आहे, खजिनदाराला ठाऊक आहे, पुरे झालं. उजव्या-डाव्या हाताचा दाखला आपण वर्षातून दोनदा उपदेशात सांगतो आणि नाताळला लाउडस्पीकर लावून नेमकं त्याच्या उलट वागतो. ज्याने पन्नास रुपये दिले तो मुलाबाळांसमोर त्या बाकावर कसा बसत असेल? मला तर ती डेपोतली "लाज" आठवत होती.

खजिनदार चिडले. त्यांचं म्हणणं मी इथे मुद्दाम मांडतो, कारण ते चुकीचं नाही. ते म्हणाले, "नाव वाचलं जातं म्हणून पाचशेचे पाच हजार होतात. एका सकाळी वर्षाची निम्मी वर्गणी जमते. वीजबिल, छप्पर, संडे स्कूलची पुस्तकं यातूनच. आणि पाळकसाहेब, तुमचा पगारही." शेवटचं वाक्य जरा झोंबलं, पण खरं आहे. शिवाय ते स्वतः गेली पंधरा वर्षं सायकलवर, आता स्कूटरवर, दारोदार वर्गणी मागत हिंडतात. मी उपदेश करून मोकळा होतो. दार वाजवायची वेळ त्यांच्यावर येते. हंगामाच्या सणाला आमच्याकडे लिलाव होतो, एकच अंडं चार जण विकत घेऊन चारदा परत देतात, गावठी कोंबडी दोन हजारांना जाते, आणि त्यात चढाओढ असली तरी हसणं-खिदळणंही असतं. ती मजा मला आवडते. मग नाताळच्या यादीलाच विरोध का? त्यांनी हे विचारलं तेव्हा मी गडबडलो.

फरक मला रात्री अंथरुणात सुचला (चांगली उत्तरं तिथेच सुचतात). लिलावात बोली न लावणारा माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. यादीत नाव नसलेला येतो.

यंदा नावं वाचली, रकमा वाचल्या नाहीत. ही तडजोड आहे, मला पूर्ण पटलेली नाही. जमलेली रक्कम गेल्या वर्षीपेक्षा कमी भरली, हेही सांगायला हवं. खजिनदारांनी आकडा माझ्यापुढे ठेवला, बोलले काही नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा हाच विषय निघणार आणि मला अजून काहीतरी बरं उत्तर शोधावं लागणार. पण मी माझ्या मतावर आहे. पैसा कमी आला तर पावसाळ्यात बादल्या ठेवू. माणूस एकदा लाजून गेला की त्याच्याखाली ठेवायला बादली नसते.

आणखी एक बदल मात्र कुणाशी न भांडता झाला. आमची कॅरलची टोळी ठरलेल्या घरी जायची, म्हणजे जिथे चहा-फराळ आणि पाकीट मिळतं तिथे. यंदा तरुण संघाच्या पोरांनीच विचारलं, जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे जायचं का? आमच्या भागातली काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांचा नाताळ कारखान्याच्या कोप्यांमध्ये होतो. आम्ही २३च्या संध्याकाळी टेम्पो करून गेलो. ढोलकी, टाळ, पेटी. पोचायला उशीर झाला, माणसं दमून झोपायच्या तयारीत होती, पहाटे पुन्हा फडात जायचं होतं. मला वाटलं, उगाच त्रास दिला. दोनच गाणी म्हणायची ठरलं. मग एका बाईने कोपीतून स्वतःचे टाळ काढून आणले. तिकडे बैलांच्या गळ्यातल्या घंटा, इकडे आमची ढोलकी, आणि आजूबाजूच्या कोप्यांतली ख्रिस्ती नसलेली माणसंही येऊन बसली. किती गाणी झाली ते मोजलं नाही. परत निघताना त्या बाईने आमच्या पोरांच्या हातात उसाच्या कांड्या दिल्या. यादीत कुठे लिहायचं हे दान?

बदल्या होत होत चार वर्षांपूर्वी मी पुन्हा त्याच जुन्या मंडळीत आलो आहे. ती आजी आता नाही. तिचा मुलगा निवृत्त झाला, रविवार सगळे मोकळे आहेत, पण चर्चला येत नाही. मुलगी येते, नवऱ्याला आणि छोट्याला घेऊन, मागच्या बाकावर बसते. मी महिन्यातून एखाद्या सोमवारी त्यांच्या घरी जातो. सोमवार माझा सुट्टीचा. आम्ही धर्माविषयी फारसं बोलत नाही. घाटातली वळणं, जुन्या गाड्यांचे गिअर, गुडघेदुखी. मी त्यांना कधीच "या" म्हटलेलं नाही. म्हणावं का, हे अजून ठरत नाही. म्हटलं तर पुन्हा हजेरी घेतल्यासारखं होईल, आणि न म्हणावं तर आपल्याला कुणी बोलावतच नाही असं त्यांना वाटत असेल का, तेही कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला काय वाटतं ते जरूर सांगा. पाळक असलात तर अधिकच.

परवा गेलो तेव्हा सौ.नी डबा भरून करंज्या दिल्या होत्या, घरच्या. त्यांनी एक खाल्ली, दुसरी हातात धरली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "चर्चच्या छपराचं काम झालं का हो, साहेब?"

म्हटलं, "अजून नाही. यंदा पैसे थोडे कमी पडले."

"पत्रा टाका," ते म्हणाले. "कौलं काय परवडायची न्हाईत."