आमचा चेहरा, आमचा बल्ब



मुखपृष्ठाला फोटो पाहिजे म्हणून चार जणांना विचारलं. आले ते सगळे एकाच जातीचे फोटो. जातीचे म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. कुणी गटारात उतरलेला, कुणी प्रेतापाशी ऊर बडवणारी. खोटे नाहीत साले, खरेच आहेत. पण आम्ही फक्त मेल्यावर नि रडतानाच दिसतो काय? एकही छापला नाही. या वेळी कव्हरवर मी आहे. फोटो माझा मीच काढलाय. कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीतल्या १० बाय १२च्या खोलीत, रात्री ११ला, आई झोपल्यावर.

दहावीच्या फॉर्मसाठी ठाण्यात एका स्टुडिओत गेलो होतो. फोटोवाल्याने न विचारता तोंडावर पावडर थापली. वर म्हणतो, नाहीतर काही दिसणार नाही. फोटोत मी गिरणीतून पीठ घेऊन आल्यासारखा! बाप हसला. मग गप्प झाला.

हे जुनंच आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया'चे ८ खंड काढले. माणसं उभी केली, फोटो घेतले, खाली बहुतेक ठिकाणी नाव नाही, जात, जमात. पुढे रंगीत फिल्म आली. कोडॅकचे प्रिंट जुळवायला लॅबमध्ये गोऱ्या बाईचा नमुना असायचा, शर्ली कार्ड. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर. आता कितीतरी मोबाईल न सांगताच गाल उजळ करतात. पावडर तीच, डबा बदलला.

तिकडे अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस १८३८ साली गुलामीतून पळाला. एकोणिसाव्या शतकात त्याच्याइतके फोटो दुसऱ्या कुठल्या अमेरिकनाचे निघाले नाहीत, असं अभ्यासक म्हणतात. गोऱ्यांना हसरा गुलाम दाखवायची हौस, म्हणून गडी कॅमेऱ्यापुढे सहसा हसायचाच नाही. पण त्यालाही स्टुडिओवाला लागायचा. आपल्याला लागत नाही.

९ वॅटचा बल्ब, होल्डर, वायर. ट्यूब बंद. बल्ब डोक्यावर नको, डोळ्यांच्या खड्ड्यात अंधार साचतो. बाजूला, कपाळाच्या जरा वर टांगा. पुढे पांढरी ओढणी ताणली की उजेड मऊ पडतो. दुसऱ्या गालाशी स्टीलची परात. बल्ब दुप्पट लांब नेला तर उजेड चौथाई उरतो, म्हणून जवळच ठेवा. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवा, टायमर १० सेकंद. उजेड कमी असला की फोटो हलतो. आमची खोली रुळालगत. फास्ट गेली की भिंत थरथरते. माझे तीन फोटो तिने खाल्ले.

आता खरी गोम. मागे पांढरी भिंत असली की चेहरा बुडतो. चेहऱ्यावर बोट टेकवलं तर कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो. त्याला सगळं मध्यम हवं, भडव्याला! तेच बोट खाली ओढा, कातडीचा आपला रंग येईपर्यंत.

पुढचं कव्हर तुमचं. डोंबिवली, दिवा, वागळे इस्टेट, कुठूनही पाठवा. 'ब्युटी' बंद पाहिजे. पावडर नको, खोबरेल लावलं तर चालेल, गालाच्या हाडावर चमक पडते. खाली नाव लिहा, पूर्ण.

आणि आयाबहिणींचे फोटो तुम्ही काढून पाठवू नका. मोबाईल त्यांच्या हातात द्या. बल्ब तुम्ही धरा.