पीकेंचा डोस

'पीके' म्हटलं की तुम्हाआम्हाला ट्रान्झिस्टर धरून उभा असलेला आमिर खान आठवतो. हेच नाव कोलकात्यात घ्या. समोरचा माणूस थेट फुटबॉलवर घसरेल आणि चहाचे दोन राउंड झाले तरी थांबणार नाही. तिथले पीके म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी. आधी स्वतः गोल मारले, मग आयुष्यभर दुसऱ्यांकडून मारून घेतले. आणि हो, 'व्होकल टॉनिक' हे जालीम औषध त्यांचंच!

व्होकल टॉनिक म्हणजे मॅचच्या आधी पीके खेळाडूंसमोर जे बोलायचे ते. थेट काळजाला हात घालणारं, पोरांना पेटवणारं. आता असले डोस आपल्याला काय कमी मिळतात? दर वर्षी एक रिसॉर्ट, एक बुफे आणि कॉलरला माइक लावलेला एक वक्ता. टाळ्या वाजवायच्या, ग्रुप फोटो काढायचा आणि सोमवारी पुन्हा त्याच एक्सेल शीटमध्ये डोकं घालायचं. मग पीकेंचंच टॉनिक अंगी का लागायचं, हा मला पडलेला प्रश्न.

उत्तरासाठी त्यांचा बायोडेटा बघू या. जन्म १९३६ चा, जलपायगुडीकडचा. वाढले जमशेदपूरला. १९५४ मध्ये कोलकात्यात आर्यन क्लबकडून खेळले आणि पुढच्याच वर्षी ईस्टर्न रेल्वेत गेले. म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार माणूस! कोलकात्याच्या फुटबॉलमधली दोन बडी घराणी म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. या दोघांची जर्सी पीकेंनी खेळाडू म्हणून कधीच अंगावर घातली नाही. पण १९५८ मध्ये याच रेल्वेच्या टीमने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग सोडून दुसऱ्या कुणाला ती जिंकायला त्यानंतर थेट २०१९ साल उजाडलं.

'मैदान' हा २०२४ चा सिनेमा पाहिला असेल, तर अजय देवगणने साकारलेले रहीमसाहेब आठवत असतील. पीके त्यांच्याच तालमीतले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात पीके होते. १९६० ला रोममध्ये ते कॅप्टन होते. फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, त्यातला आपला गोल त्यांचा. १९६२ ला जकार्ता एशियाडच्या फायनलमध्ये भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवलं, त्यातला पहिला गोलही त्यांचाच. १९६७ मध्ये दुखापतींमुळे बूट उतरवले. वय अवघं ३१.

पुढची गोष्ट जास्त भारी आहे. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये बाशा यांच्या जोडीने ते भारताचे कोच होते. ब्राँझ मिळालं. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये त्यानंतर एशियाडचं पदक आपण पाहिलेलं नाही. १९७२ मध्ये ईस्ट बंगालने त्यांना बोलावलं. चार सीझन, चार वेळा लीग! १९७५ च्या शील्ड फायनलमध्ये तर मोहन बागानला ५-० धुतलं. त्याच मोहन बागानने पुढच्या वर्षी याच माणसाला आपल्याकडे नेलं. १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर पेले असलेल्या न्यूयॉर्क कॉसमॉसला त्यांच्या मोहन बागानने २-२ असं रोखलं. त्या सीझनला शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईची रोव्हर्स, तिन्ही कप खिशात.

आणि मग १९९७. फेडरेशन कपची सेमीफायनल, सॉल्ट लेक स्टेडियम, सुमारे १ लाख ३१ हजार लोक. मोहन बागानचे कोच अमल दत्त यांच्या 'डायमंड' सिस्टिमचा बोलबाला होता. वर दत्त यांनी समोरच्या टीममधल्या पोरांची जाहीर खिल्लीही उडवली. ईस्ट बंगालकडे होते ६१ वर्षांचे पीके आणि विशीतला बायचुंग भुतिया. पोराने हॅटट्रिक ठोकली. ४-१!

टॉनिक दर वेळी चाललं असं नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पीकेंचा भारत घरच्या मैदानावर क्वार्टर फायनललाच सौदी अरेबियाकडून ०-१ हरला. शब्दांनी सगळं होत असतं तर रोज कोच कशाला लागला असता?

मला वाटतं, उत्तर इथेच आहे. टॉनिक जेवणाच्या जागी घ्यायचं नसतं, जेवणासोबत घ्यायचं असतं. रोजचा सराव हे जेवण. त्यात बोलणारा माणूस स्वतः एशियाडची फायनल खेळलेला, तिथे गोल मारलेला. तो 'होईल रे' म्हणाला की पोरांना ते खरं वाटायचं. शिवाय बड्या जर्सीशिवाय माणूस कुठवर जातो, हे त्याने स्वतः जगून दाखवलेलं.

फिफाने २००४ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिलं. २० मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या तोंडावर, पीके गेले.

तुमच्यापैकी काहीजण पुढच्या अप्रेझलला टीम लीड होतील. हाताखाली चार पोरं येतील आणि पहिल्याच मीटिंगला जोरदार भाषण ठोकायचा मोह होईल. जरूर ठोका. फक्त त्याआधी थोडे दिवस त्यांच्यासोबत रात्री उशिरापर्यंत बसा, कुणाचं कुठे अडतंय ते बघा. मग भाषण दोन मिनिटांचं झालं तरी चालतंय!