कॅमेरा आपला, तर गोष्टही आपणच सांगू

राजेहो, आपल्या शेंदूरजनाघाटात कॅमेरेवाले कधी येतात? संत्र्याचा भाव पडला की, नाहीतर शेतकऱ्यानं आत्महत्या केली की. दोन दिवस शूटिंग, मंग गायब!

नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना केला. त्याले राष्ट्रीय पुरस्कार भेटला.

मग १९८३ पासून उभं असलेलं आपलं अमरावती विद्यापीठ पदवीच्या प्रत्येक पोरा-पोरीले दहा मिनिटांचा माहितीपट प्रकल्प म्हणून काऊन देत नाही? आटलेले बोअर, आंबिया बहाराची फळगळ, व्यापाऱ्यानं बागेत केलेला सौदा. विषय बांधावर पडले आहेत. मोबाइल पोरांच्या खिशात आहेच. फक्त शिकवणारा द्या, मार्क द्या.

आपली गोष्ट आपण नाही सांगितली, तर दुसरा सांगीन. अन् अर्धीच सांगीन.