लाटेला दोष देऊन इतिहास संपत नाही

१/७
१७ जुलै १९४७. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोकणच्या स्मृतीत दोष आजही त्या प्रचंड लाटेचाच. पण इतिहासाने लाटेपाशीच थांबावे काय?

२/७
सप्टेंबर १९०१. ब्रिटिश आरमाराची विनाशिका ‘कोब्रा’ उत्तर समुद्रात दुभंगून बुडाली. ६७ जणांचा अंत झाला. ती कशावर तरी आदळली असावी, हा तर्क आरमारी न्यायालयाने फेटाळला आणि जहाजाच्या दुबळ्या बांधणीवर बोट ठेवले.

३/७
काम तिथेच थांबले नाही. ‘वुल्फ’ ही विनाशिका कोरड्या गोदीत कधी दोन्ही टोकांवर, तर कधी केवळ मध्यावर टेकवली गेली. जणू ती दोन लाटांच्या माथ्यांवर, किंवा एकाच माथ्यावर तोललेली आहे. पत्र्यांवरचा ताण उपकरणांनी मोजला. मग तिला खऱ्या वादळी समुद्रात नेले. तिथला ताण गणिताच्या अंदाजापेक्षा कमी भरला.

४/७
आज जहाजाच्या तळाशी दाबमापक बसवतात. लाटेने उचललेली नाळ पुन्हा पाण्यावर आपटते, तेव्हा दाब क्षणार्धात चढतो आणि ओसरतो. तो टिपण्यासाठी सेकंदाला हजारो नोंदी घ्याव्या लागतात.

५/७
‘रामदास’ तुटली नव्हती, कलंडली होती. हा भेद विसरता येत नाही. तरीही दोन्हीकडे खरा प्रश्न एकच: लाट किती मोठी होती हा नव्हे, तर बोट किती सोसू शकत होती आणि ते आधी कोणी मोजले होते, हा. सारा दोष लाटेवर टाकला की हा प्रश्नच बुडतो.

६/७
समुद्रापासून दूर असलेल्या भंडारा जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध? २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगेचे वाहते पात्र विस्तीर्ण जलाशय बनले. मोकळ्या पाण्यावरून वारा जितका लांबवर वाहतो, तितकी लाट वाढते. नदीसाठी घडलेल्या डोंग्यापुढे आता निराळे पाणी आहे.

७/७
धरणाचा माथा पाण्याच्या पातळीपेक्षा किती उंच ठेवावा, हे ठरवताना अभियंते वाऱ्याने उठणारी लाट हिशेबात धरतात. भिंतीसाठी केलेला हिशेब माणसे वाहणाऱ्या डोंग्यासाठीही व्हायला हवा. किती माणसे बसावीत, पाण्यावर काठ किती उरावा, किती वाऱ्यात डोंगा सोडूच नये: हे आकडे आधी मोजावेत आणि डोंग्यावर ठळक रंगवावेत.