मार्कांपुरतं मैदान

कोकणातल्या आमच्या मिठबावचा किनारा फुकट आहे, मोकळा आहे आणि गावातल्या मुलांना बंद आहे. बंदी सरकारने घातलेली नाही, आईबापांनी घातली आहे. संध्याकाळी मुंबई-पुण्याचे पाहुणे आपली पोरं घेऊन वाळूत धावत असतात आणि ज्यांच्या परड्यामागेच हा समुद्र आहे, ती पोरं क्लासला कोंडलेली असतात. क्लास सुटला की मोबाइल. ‘खेळान काय पोट भरतला?’ एवढंच आमचं क्रीडा धोरण, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या एकमताने मंजूर होत आलं आहे.

याच घरांत दहावीच्या वर्षी खेळाचं प्रेम उतू जातं. बोर्डाचे सवलतीचे क्रीडा गुण असतात ना! सहावीत ज्या बापाने पोराच्या बुटांना पैसे दिले नाहीत, तोच आता स्पर्धेचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून शाळेच्या ऑफिसात उभा असतो. मार्क पदरात पडले की बूट माळ्यावर. २६ जानेवारीच्या भाषणात मात्र खाशाबा जाधव हवेतच. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांना पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. ही गोष्ट आम्हाला फार आवडते, कारण गहाण पडलेलं घर दुसऱ्याचं होतं. खाशाबांना कुस्तीचे पहिले डाव त्यांच्या बापानेच शिकवले, हा भाग भाषणात येत नाही. तो आला तर खुर्चीवर बसलेल्या बापांना जरा हलावं लागेल.

हलणं, हाच तर मुद्दा आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचं नाव हृदयरोगाच्या अभ्यासामुळे जगभर झालं. तिथेच चार ते सात वर्षांच्या मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं लावून केलेला एक अभ्यास १९९१ साली छापून आला. आईबाप दोघंही हिंडते-फिरते असतील तर मूल चपळ असण्याची शक्यता, दोघंही बैठे असलेल्या घरातल्या मुलापेक्षा जवळपास सहापट निघाली. आमचे बाप मुलाला ‘जा, खेळ’ म्हणतात तेही आडवे पडून, रील्स बघत.

न हलणाऱ्याचं हृदय बिघडतं म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘आमचो झील काडी, तेका कसलो हार्टचो त्रास?’ या काडीची गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केव्हाच सांगून ठेवली आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत होती. २००३ साली हे जगासमोर आलं. म्हणजे किडकिडीत दिसणारं पोर आतून तसं असेलच असं नाही, आणि मधुमेह-हृदयविकाराची वाट जन्मापासूनच जवळची. अशा शरीराला धावणं ही चैन नव्हे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आमच्याकडे आठवड्याचा पीटीचा तासही गणिताच्या सरांना दान दिलेला असतो आणि त्याबद्दल पालक सरांचे आभार मानतात.

मुलींचं तर विचारूच नका. सातवीपर्यंत जी खो-खोत पोरांना धूळ चारते, ती आठवीत ‘मोठी’ होते. ‘चेडवांका आता ह्या बरा दिसना नाय.’ मग विहिरीचं पाणी, धाकट्याला सांभाळणं, काजूच्या बिया वेचणं हे सगळं बरं दिसतं. फक्त हसत-ओरडत धावणं तेवढं बरं दिसत नाही. तिचं हृदय वयात आल्यावर व्यायाम नको म्हणतं, असं कुठल्या वैद्याने सांगितलं?

आणि आता तो लाडका युक्तिवाद. ‘तो बघा, जिममध्ये जाणारा नट गेला चाळिशीत!’ खेळता खेळता कोसळणारी माणसं असतात, खरं आहे. पण तरुण खेळाडूत त्यामागे पुष्कळदा जन्मतः किंवा घराण्यातून आलेला दोष असतो. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार घ्या. आईबापांपैकी एकाकडे त्याचा दोष असला, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टर विचारतात, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का? आमचं उत्तर, ‘नाय हो.’ काका पस्तिशीत झोपेतच गेला, पण तो मूठ मारल्यामुळे किंवा देवचाराच्या वाटेत सापडल्यामुळे. देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, फाइल बंद. पोरगी धावताना चक्कर येऊन पडते, तर ती ‘उपाशी होती’. ईसीजी काढला आणि बातमी फुटली तर उद्या सोयरिक कोण करणार? मुलांच्या खेळाला पाठिंबा द्यायचा तर तो इथे लागतो, डॉक्टरसमोर खरं बोलायला. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्यांची ईसीजीसह तपासणी सक्तीची केली, आणि पुढे व्हेनेटो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. आमच्याकडे तपासणीच्या फॉर्मवर आईबाप सही करतात, तीही न वाचता.

किनाऱ्यावरच्या टेनिस बॉल स्पर्धांना डीजे येतो, निवेदक येतो, चाकरमानी येतात, पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचा बॅनर येतो. पण कुणी कोसळलं तर त्याच्या नाकाला कांदा लावणारेच जास्त. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाबत राहायचं, हे स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातल्या किती जणांना येतं? इथून गोव्यातल्या बांबोळीचं किंवा कोल्हापूरचं इस्पितळ गाठेपर्यंत कांदा पुरत नाही.

पुढच्या पालकसभेत मी दोनच गोष्टी मागणार आहे. पीटीचा तास पीटीलाच हवा, आणि खेळात नाव घालताना घरातल्या अकाली मृत्यूंची माहिती आईबापांनी लिहून द्यावी. सध्या विषयपत्रिकेवर एकच विषय आहे, स्नेहसंमेलनाला कुठल्या पुढाऱ्याला बोलवायचं.